विनंती विशेष

आपल्या घरांतील जुन्या पत्रांच्या पुडक्यांतून एखादे पत्र सहज उचलून पाहिले, तर मजकुरापूर्वी दृष्टी पडते ती माथ्यावरील नावावर. कोणाच्या पत्रावर ‘श्रीमंगेश प्रसन्न’, कोणाच्या पत्रावर ‘श्रीशांतादुर्गा प्रसन्न’, तर कोणाच्या ‘श्रीमहालसा प्रसन्न’. पत्र व्याह्याला लिहिलेले असो, सावकाराला असो अथवा कचेरीतील मोठ्या साहेबाकडे चाकरीच्या आशेने धाडलेले असो, आरंभ कुलदेवतेपासून व्हावयाचा. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात ह्यामागे विशेष काही विचार असे असे मला वाटत नाही. तो नित्याचा शिरस्ता होता. परंतु मागणे मागण्याच्या विद्येचा इतिहास पाहू गेल्यास ह्या शिरस्त्याचे मूळ फार खोल गेलेले दिसते.

गोमंतकात आणि दक्षिण कोंकणात देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे ज्यांनी ऐकले असेल, त्यांस माझे म्हणणे लगेच उमजेल. देवळाच्या चौकात मानकरी उभा राहतो. ग्रामदेवतेला आणि तिच्या परिवारदेवतांना त्यांच्या त्यांच्या नावाने हाक देतो. मागणारा कोण, कुठल्या घरचा, कोणत्या अडचणीत आहे हे सांगतो. नेमके काय हवे ते मागतो. मिळाल्यास काय अर्पण करीन ते बोलतो. आणि प्रत्येक वाक्याच्या अखेरीस जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. संबोधन, स्वतःची ओळख, मागणी, हमी आणि साक्षीदार. नोकरीच्या अर्जात आज जी अंगे असावीत असे सांगतात, ती सगळी ह्या गाऱ्हाण्यात आहेत. तेथे लाचारीही नाही. देवापुढे वाकलेला मनुष्य आपले घराणे, आपले गाव आणि आपली सेवा खणखणीत आवाजात सांगतो, कारण ऐकणारी देवता त्याची आहे आणि भोवतीचा समाजही त्याचाच आहे. दरबारात आणि कचेरीत शिरल्यावर मात्र ह्या मागण्याचा आवाज कसा बदलत गेला, हे बेळगाव-निपाणीच्या सीमेवरून पाहण्यासारखे आहे. कारण ह्या भागाने चार शतकांत जितके धनी पाहिले तितके फार थोड्या प्रदेशांनी पाहिले असतील, आणि प्रत्येक धन्याची भाषा निराळी होती.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अर्ज’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ‘अर्जदास्त’ हे त्याचे जुने दरबारी रूप. ‘नोकर’ हा शब्द तर त्याहूनही दूरचा, मोंगोल टोळ्यांतील सरदाराच्या सोबत्याला लावला जाणारा. तो फारसीत आला आणि तेथून येथे. ‘शिफारस’, ‘वशिला’, ‘दाखला’, ‘सनद’ हे सगळे त्याच वाटेचे प्रवासी. शिवछत्रपतींच्या काळी सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तथापि मागणाऱ्याच्या तोंडचा ‘अर्ज’ काही हटला नाही. त्याच्या शेजारी ‘विनंती’ आणि ‘विज्ञापना’ हे आपले शब्द येऊन बसले, आणि तिघेही सुखाने नांदले.

ह्या शब्दांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘उमेदवार’. उमेद म्हणजे आशा. आशा धरून असलेला तो उमेदवार. इंग्रजी अमलाच्या पहिल्या पिढ्यांत कचेरीत ‘उमेदवारी करणे’ ह्याचा अर्थ आजच्यासारखा निवडणुकीला उभे राहणे असा नव्हता. मामलेदाराच्या अथवा कलेक्टराच्या कचेरीत एखादा तरुण महिनोन्महिने बिनपगारी बसे, नकला उतरी, टिपणे काढी, वरिष्ठ कारकुनाचे काम हलके करी, आणि जागा रिकामी झाली म्हणजे आपली आठवण होईल ह्या आशेवर दिवस काढी. कोणी रजेवर गेला तर एवजी म्हणून चार दिवस पगार लागे. अशा मनुष्याला अर्जाचे पत्र वेगळे लिहावे लागत नसे. त्याचे अक्षर रोज साहेबाच्या मेजावर असे. ती पद्धत निर्दय होती ह्यात शंका नाही. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याला बिनपगारी बसणे परवडणार कसे? म्हणून उमेदवारी ही ज्यांच्या घरी वतन अथवा शेत होते त्यांचीच राहिली. पण तिच्यात एक गोष्ट खरी होती : मनुष्य काय करू शकतो हे त्याच्या वर्णनावरून नव्हे, त्याच्या कामावरून कळे.

अक्षराचे महत्त्व आपल्याकडे किती मानलेले आहे ते दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडला की दिसते. समर्थांनी तेथे लेखनक्रियेचे निरूपण केले आहे; अक्षर कसे घोटावे, ओळी कशा सारख्या राखाव्या, लेखणी आणि शाई कशी असावी इतक्या बारकाव्यापर्यंत. मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथात ह्या विषयाला स्वतंत्र समास मिळावा ह्याचे कोणाला नवल वाटेल. परंतु ज्या समाजाचे पोट लेखणीवर चालत आले, त्याला ते नवल वाटण्याचे कारण नाही.

पेशवाईतील पत्रांचा मायना हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’ असे म्हणून नाव घ्यावयाचे, ‘स्वामींचे सेवेसी’ असे म्हणून आपली जागा ठरवावयाची, मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी’ असे लिहून कुशल कळवावयाचे, आणि त्यानंतर एकच शब्द : ‘विशेष’. त्या शब्दानंतर पत्राचे खरे काम सुरू होई. मायन्यात मोठेपणाच्या पायऱ्या ठरलेल्या असत. धाकट्याने थोरल्याला, बरोबरीच्याने बरोबरीच्याला, गुरूला, आप्ताला कसे लिहावे ह्याचे नियम चिटणिशी घराण्यांतून मुलांना पाठ करवून घेत. मायना चुकला तर पत्र वाचण्यापूर्वीच काम बिघडे. आज आपण ह्या मायन्याला हसतो. परंतु ‘विशेष’ ह्या शब्दाची सोय आजच्या पत्रात राहिली नाही, आणि पुष्कळ अर्ज केवळ मायनाच मायना होऊन संपतात, त्यांच्यात विशेष कधी येतच नाही, हेही तितकेच खरे.

त्या काळी चाकरी मिळे ती मुख्यतः माणसाच्या हमीवर. आपल्या समाजातील दाखला घ्यावयाचा तर जिवबादादा बक्षी ह्यांचा घ्यावा. गोव्यातील केरी गावचा हा सारस्वत तरुण उत्तरेत जाऊन महादजी शिंद्यांच्या सेवेत बक्षीच्या पदापर्यंत चढला. त्यांच्यासारखेच लखबादादा लाड. एकदा असा एक मनुष्य उज्जैन-ग्वाल्हेरकडे स्थिरावला की गोमंतक आणि सावंतवाडीपासून त्याच्याकडे वाट फुटे. कोणी भाचा, कोणी गावकरी, कोणी कुलदेवतेचा महाजन, हाती चार ओळींचे पत्र घेऊन घाट चढे. त्या पत्रात गुणवर्णन थोडे आणि नाते अधिक असे. हमी देणाऱ्याची अब्रू त्या चार ओळींत गुंतलेली असल्यामुळे ती वाटेल त्याला मिळत नसत, ही त्या पद्धतीची जमेची बाजू. ज्याला हमी देणारा कोणीच नाही त्याचे दार बंद, ही खर्चाची बाजू. माझ्या मते खर्चाची बाजू जमेपेक्षा बरीच मोठी होती. आपण आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा सांगतो तेव्हा ह्या वाटेवर पाऊलही ठेवता न आलेल्या जातींची आठवण आपल्याला क्वचितच होते.

१८१८ च्या एप्रिलात बेळगावचा किल्ला मन्रोच्या हाती पडला. १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला. कलेक्टराची कचेरी, न्यायालय, लष्कराची छावणी आणि तिचे हिशेब, लंडन मिशनची शाळा (हीच पुढे बेनन-स्मिथ हायस्कूल झाली), त्यामागून सरदार्स हायस्कूल, आणि १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे. पन्नास-साठ वर्षांत ह्या गावात लेखणीच्या जितक्या जागा निर्माण झाल्या तितक्या पूर्वीच्या दोनशे वर्षांत झाल्या नसतील. कारवार, सावंतवाडी आणि गोव्याकडून घाट चढून आपली पुष्कळ घराणी ह्याच काळात येथे स्थिर झाली. काका कालेलकरांचे वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांच्या बदल्यांमागून कुटुंब ह्या प्रांतात ठिकठिकाणी फिरले. तो अनुभव अनेक घरांचा होता. काकासाहेबांनी स्वतः पदवी घेतल्यावर मात्र सरकारी कचेरीची वाट धरली नाही. बेळगावच्या गणेश विद्यालयात ते शिक्षक झाले, आणि सरकारी मान्यतेविना चालणाऱ्या शाळेत शिक्षक होणे ही त्या दिवसांत साधी निवड नव्हती.

कचेरीची भाषा हा येथील जुना प्रश्न आहे, १९५६ चा नव्हे. पेशवाईचा वारसा म्हणून दक्षिणेकडील जिल्ह्यांतही दप्तर मराठीत, मोडी लिपीत चाले. धारवाडकडे वॉल्टर एलियट ह्या अधिकाऱ्याने कानडी शाळांचा पुरस्कार केला. पुढे १८६० नंतरच्या दशकात शिक्षणखात्यातील रसेल आणि डेप्युटी चन्नबसप्पा ह्यांनी तो पक्का केला. ज्या मुलखात शेतकरी कानडी बोलतो आणि कारकून मराठी लिहितो, तेथे शेतकऱ्याला आपलाच अर्ज वाचता येत नाही. चन्नबसप्पांचे हे दुःख न्याय्य होते. आज आपण मराठीभाषक जेव्हा आपले गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा हा जुना जमाखर्चही डोळ्यांसमोर असावा असे मला वाटते. जिल्ह्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे अर्जनवीस ह्याच परिस्थितीतून निपजले. पक्षकार कानडीत सांगे, अर्जनवीस ते मनात मराठीत घेई आणि कागदावर इंग्रजीत उतरवी. तीन भाषांच्या ह्या प्रवासात पक्षकाराचे मूळ म्हणणे कितपत शिल्लक उरे ते देव जाणे.

आता इंग्रजी अर्जाकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिकच्या परीक्षा सुरू झाल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकलेल्या मुलांनी अर्जाचा एक साचा तोंडपाठ केला. त्या साच्याचा अनुवाद करून पाहावा : आपल्या कृपाछत्राखाली कारकुनाची एक जागा रिकामी असल्याचे विश्वसनीय मार्गाने समजल्यावरून मी अत्यंत आदराने आणि नम्रतेने त्या जागेसाठी स्वतःला सादर करण्याची परवानगी मागतो, माझ्यावर मोठ्या कुटुंबाचा भार आहे, ह्या उपकाराबद्दल मी आणि माझी मुलेबाळे आपल्या दीर्घायुष्याची आणि भरभराटीची ईश्वरापाशी निरंतर प्रार्थना करू, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. ह्यातील अखेरची सही करण्याची पद्धत खुद्द साहेबाच्या देशातील होती, आणि तेथे मोठमोठे अधिकारीही एकमेकांना तशीच लिहीत. तेथे ती रिकामी शिष्टाई होती. आपल्याकडे मात्र ती अक्षरशः खरी मानली गेली. मायन्याचे आपले जुने वळण आणि साहेबाचे नवे वळण एकत्र मिळाले आणि त्यातून जो अर्ज जन्मला त्यात मागणाऱ्याचे दैन्य भरपूर होते, त्याचे काम मात्र कोठेच नव्हते. गाऱ्हाण्यातील ताठ उभा राहणारा मानकरी येथे हरवला.

योग्यता असूनही अर्ज कसा बाजूला पडतो ह्याचे उदाहरण आपल्याच समाजातील थोर पुरुषाचे आहे. मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजात ब्यूलरच्या जागी संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा ती जागा इंग्लंडहून आलेल्या पीटर पीटरसन ह्यांना मिळाली आणि भांडारकरांना दुय्यम जागेवर राहावे लागले. पीटरसन पुढे चांगले विद्वान ठरले, हे न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु त्या वेळी दोघांच्या अधिकारात तुलना नव्हती. भांडारकरांनी काय केले? काम चालू ठेवले, निबंध लिहिले, हस्तलिखितांचा शोध घेतला. आणि १८८२ साली कीलहॉर्नच्या मागून डेक्कन कॉलेजची जागा त्यांच्याकडे चालत आली, तेव्हा त्यांना डावलणे कोणाला शक्य राहिले नव्हते. त्यांच्या अर्जाचा मजकूर त्यांचे ग्रंथच झाले होते.

घाटाखाली, पोर्तुगीज अमलातील गोव्यात, अर्जाची तऱ्हा आणखी निराळी होती. तेथे सरकारी विनंती सरकारी मुद्रा असलेल्या कागदावर करावी लागे आणि ती स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहिली जाई : अमुक, अमक्याचा पुत्र, अमुक गावचा रहिवासी, आपल्यापाशी आदराने मागणी करण्यास येतो. अखेरीस ठरलेले दोन शब्दसमूह, ‘नेश्तिश तेर्मुश, पेदि देफेरिमेंतु’. म्हणजे ह्या कारणांस्तव मंजुरी मागतो. दीर्घायुष्याची प्रार्थना नाही, मुलाबाळांचा उल्लेख नाही. पोर्तुगीज राज्याविषयी ममत्व वाटावे असे आपल्याकडे थोडेच आहे, पण त्यांच्या अर्जाचा हा कोरडेपणा मला इंग्रजी साच्यातील गहिवरापेक्षा अधिक स्वाभिमानाचा वाटतो. पोट भरण्यासाठी घाट ओलांडून बेळगावला अथवा समुद्रमार्गे मुंबईला येणाऱ्या गोमंतकीयाला हे दोन्ही साचे आलटून पालटून वापरावे लागत. शणै गोंयबाब (वामन रघुनाथ शणै वर्दे वालावलीकर) ह्यांनी मुंबईत इटालियन वकिलातीत कारकुनी करून आपल्या मायबोलीचा संसार उभा केला. कारकुनाच्या खुर्चीत बसून मनुष्य काय काय करू शकतो, ह्याचे कोंकणीतील ते सर्वांत ठळक उदाहरण होय.

निपाणीकडे ह्या साऱ्या कागदी व्यवहाराचा वारा फारसा लागला नाही. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी ठेवावयाचा तो पेठेतील कोणाच्या तरी शब्दावर. मुलाला बसवून रोजकीर्द लिहावयास लावीत, बेरीज तोंडाने करवीत, आणि संध्याकाळी तोलाच्या वेळी तो कोणाच्या बाजूने डोळे मिचकावतो ते पाहत. तेवढी परीक्षा पुरे. विडी वळणाऱ्या हजारो बायकांना तर तेवढाही कागद नव्हता. पाने आणि तंबाखू घरी न्यावयाची, हजार विड्यांचा हिशेब द्यावयाचा. मालक कोण आणि नोकर कोण हेच कोठे लिहिलेले नसे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला तेव्हा नोंदी आणि ओळखपत्रे ह्यांचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. अर्ज लिहिण्याचीही एक पायरी असते, आणि समाजाचा मोठा भाग त्या पायरीच्या खाली उभा असतो, हे निपाणीच्या पेठेत जितके स्पष्ट दिसते तितके बेळगावच्या कॅम्पात दिसत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाचे राजकारण, १९६६ चा महाजन आयोग, त्याचा पुढील वर्षीचा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा ह्यांविषयी ह्या पानांत आणि इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मी अर्जापुरते बोलतो. काल मुंबई राज्यात मराठीत अथवा इंग्रजीत अर्ज करणारा मॅट्रिक मुलगा आज जागेची जाहिरात पाहू लागला तो कानडीच्या अटीसकट. घरात दोन पिढ्या बाजारापुरती कानडी होती, पण बाजारातील कानडी आणि कचेरीतील कानडी ह्यांत, बाजारातील मराठी आणि कीर्तनातील मराठी ह्यांत आहे तितके अंतर आहे.

ह्या अडचणीचा विचार राज्यकर्त्यांनी अजिबात केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक मनुष्याला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने त्याला दोन पोटकलमे जोडली. एकाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी. १९५७ पासून हा अधिकारी नेमला जाऊ लागला, आणि त्याच्या विभागीय कचेऱ्यांपैकी एक बेळगावास उघडण्यात आली, ह्यावरून आपल्या प्रश्नाचे वजन कळावे. १९५६ मध्येच केंद्र शासनाने संसदेपुढे ठेवलेल्या निवेदनात असे म्हटले होते की राज्यभाषेचे ज्ञान ही भरतीपूर्वीची अट असू नये. निवड झाल्यावर, कसोटीचा काळ संपण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. तत्त्व उत्तम होते. परंतु हे तत्त्व कायद्याचे बंधन घेऊन आले नाही, ते सल्ल्याच्या रूपाने आले. आणि सल्ल्याचे वजन कचेरीगणिक बदलते. ‘गाऱ्हाणे’ हा देवळातील शब्द घटनेच्या मराठी चर्चेत येऊन बसला, पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारी मंडळी काही त्याच्याबरोबर आली नाही.

ह्याचा परिणाम असा झाला की सीमेवरील तरुणाने आपले अर्ज दोन दिशांना विभागले. निपाणीची मुले गावाला लागून असलेल्या, पण महाराष्ट्रात मोडणाऱ्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जाऊ लागली. म्हणजे घर एका राज्यात, पदवी दुसऱ्या राज्यातील शिवाजी विद्यापीठाची (हे १९६२ चे), आणि नोकरीची जाहिरात तिसऱ्याच शहरातून. महाराष्ट्र शासनाने वादातील ८६५ गावांच्या मराठीभाषक रहिवाशांना आपल्या नोकरभरतीत अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली, पण त्यासाठी त्या गावचा रहिवासदाखला जोडावयाचा, आणि तो दाखला द्यावयाचा कर्नाटकातील अधिकाऱ्याने! बेळगावात २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, २०१४ साली गावाचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आणि जुन्या दाखल्यावरील गाव आणि नव्या दाखल्यावरील गाव एकच आहे हे परगावच्या कारकुनाला पटवून देण्याचे काम अर्जदाराच्या वाट्याला आले.

ह्याच गावात इंदिरा संत ह्यांनी १९४६ साली पतीच्या निधनानंतर अध्यापनाच्या नोकरीवर मुले वाढविली. त्या पिढीतील स्त्रीच्या अर्जात ‘कुटुंबाचा भार’ हे शब्द साच्यातले नसत. ते अक्षरशः खरे असत. तरीसुद्धा तिला जागा मिळे ती तिच्या शिकविण्यावर, भारावर नव्हे.

आजच्या अर्जाविषयी दोन शब्द. देवळाच्या वार्षिक उत्सवाच्या सुमारास आपल्या समाजातील काही तरुण मला आपले अर्ज दाखवावयास आणतात. जुनी दीनवाणी भाषा गेली, हे पाहून बरे वाटते. तिच्या जागी मात्र दुसरा साचा आला आहे : मी परिश्रमी आहे, प्रामाणिक आहे, उत्साही आहे, आव्हाने स्वीकारण्यास तत्पर आहे. आज्ञाधारक सेवकाने कपडे बदलले आहेत, इतकेच. दहा अर्जांतील ही वाक्ये एकमेकांत अदलाबदल करून ठेवली तर कोणाच्याही लक्षात येणार नाही.

सुमारे १४८२ साली लिओनार्दो द विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला सेवेसाठी पाठविलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. मिलानला युद्धाची चिंता होती. म्हणून जगातील हा थोर चित्रकार पत्रात अनुक्रमाने सांगतो ते हलके पूल, खंदकातील पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा, झाकलेले रथ. आणि शांततेच्या काळातील इमारती, मूर्ती व चित्रे ह्यांचा उल्लेख येतो तो अगदी अखेरीस. शिवाय शेवटी म्हणतो, ह्यांपैकी काही अशक्य वाटल्यास आपण सांगाल तेथे करून दाखवितो. कोणाला काय हवे आहे ते आधी पाहणे, मग आपल्यापाशी असलेल्यातून तेवढेच पुढे ठेवणे आणि पडताळा देण्याची तयारी दाखविणे, हे तीन गुण त्या एका पत्रात आहेत. ‘परिश्रमी’ हा शब्द त्यात शोधून सापडणार नाही.

आपल्या समाजातील धर्मानंद कोसंबी ह्यांची गोष्ट त्याच्या उलट टोकाची. गोव्यातील सांखवाळचा हा मनुष्य १८९९ साली घर सोडून विद्येसाठी बाहेर पडला आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा हिंडत पालीचा पंडित झाला. कलकत्ता विद्यापीठात दरमहा २५० रुपयांची जागा समोर असताना त्यांनी ती सोडली; महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये घेतले. आपल्याला काय करावयाचे आहे आणि कोठे करावयाचे आहे हे ज्याला इतके स्वच्छ ठाऊक, त्याच्या पत्राला मायना कशाला हवा! सर्वांना हे जमणार नाही, आणि घरी मुलेबाळे असणाऱ्याला ते जमावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. कोसंबींच्या स्वतःच्या कुटुंबाने त्या निवडीची किंमत भरपूर मोजली.

गेल्या उत्सवात आलेला एक मुलगा माझ्या ध्यानात राहिला आहे. अर्ज एका सहकारी बँकेतील जागेसाठी होता. पत्र पानभर, विशेषणांनी भरलेले, आणि भाषांच्या रकान्यात ‘मराठी, इंग्रजी’ एवढेच. मी त्याला विचारले, ‘घरी काय बोलता?’ म्हणाला, ‘कोंकणी.’ ‘आणि दुकानात?’ त्याच्या वडिलांचे रविवार पेठेत दुकान आहे. म्हणाला, ‘गिऱ्हाईक बोलेल ते. खेड्यातले कानडी बोलतात, त्यांची उधारी मीच लिहितो.’ म्हणजे हा मुलगा गेली सहा वर्षे कानडी शेतकऱ्याची उधारी कानडीत लिहितो आहे, मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत भांडतो आहे, आणि दोघांचे पैसे वसूल करतो आहे. आणि खेड्यापाड्यांत कर्ज देणाऱ्या बँकेला लिहिताना ह्याचा एक शब्द नाही! ते ज्ञान घरचे, बाजारचे; अर्जात लिहिण्याच्या योग्यतेचे नव्हे, अशी त्याची प्रामाणिक समजूत. सीमेवरच्या शेकडो घरांत ही समजूत आहे. जी गोष्ट आपल्याला इतिहासाने ओझे म्हणून दिली, तीच आपल्या हातची भांडवलाची रक्कम आहे हे आपल्या मुलांना कोणी सांगितलेले नाही.

आम्ही दोघांनी बसून ते पत्र पुन्हा लिहिले. ‘परिश्रमी’ गेले, ‘उत्साही’ गेले. पहिल्या परिच्छेदात जागा आणि जाहिरातीची तारीख. दुसऱ्यात दुकानाचे काम, किती खात्यांची उधारी, कोणकोणत्या भाषांत. कानडी वाचता, लिहिता आणि बोलता येते हे तीन निरनिराळे शब्द निरनिराळे लिहून, कारण ह्या तीन गोष्टी एक नव्हेत. आणि कचेरीतील कानडी अजून कच्ची आहे, तिचा वर्ग लावला आहे, हेही स्पष्ट. सारे मिळून अर्धे पान झाले. मग तेच त्याने स्वतः कानडीत उतरविले. दोन ठिकाणी अडला, तेव्हा देवळाच्या हिशेबनिसांना विचारून आला.

निघताना त्याने विचारले, ‘काका, वरती श्री घालायचा?’ त्याच्या आजोबांचे पत्र शांतादुर्गेच्या नावाशिवाय कधी सुरू झाले नव्हते. बँकेचा अर्ज तर संगणकावर भरावयाचा, त्यात समास नाही आणि माथाही नाही. थोडा विचार करून त्याने घरी ठेवावयाच्या नकलेवर, माथ्यावर मधोमध, ‘श्रीशांतादुर्गा प्रसन्न’ असे लिहिले. अक्षर सुरेख होते.